पडद्यावरच्या पहिल्या मायलेकी

मंडळी, सिनेमा तुम्ही सर्वांनीच पाहिला आहे. कोणी कल्याणला पाहिला असेल, कोणी डोंबिवलीला, कोणी ठाण्याला. आता तर तो हातातल्या फोनवरही दिसतो. आमच्या लहानपणी तसे नव्हते. म्हसाच्या जत्रेत सिनेमाचा तंबू लागे. एका बाजूला बाप्ये बसत, दुसऱ्या बाजूला बायका. मध्ये दोरी बांधलेली असे. खाली जमीन, समोर पांढरा पडदा. यंत्र सुरू झाले की पडद्यावर माणसे चालू लागत आणि आम्ही तोंड उघडे टाकून बघत बसू.

त्या पडद्यावर बाई दिसली तर आम्हांला नवल वाटत नसे. बाईचे काम बाई करणारच, असे आम्ही धरून चाललो होतो. पण एक काळ असा होता की पडद्यावर सीता, तारामती, द्रौपदी दिसे, आणि लुगड्याच्या आत असे पुरुष! मग तिथे पहिली बाई आली कशी? कोण होती ती? तिला काय सोसावे लागले? तेच या पाठात सांगायचे आहे.

१. मुका सिनेमा

सुरुवातीचा सिनेमा मुका होता. पडद्यावरची माणसे ओठ हलवत, पण आवाज येत नसे. म्हणून त्याला मूकपट म्हणत.

सिनेमा म्हणजे काय? भराभर काढलेले फोटो. एका लांब पट्टीवर एकापुढे एक असे हजारो फोटो असतात. मूकपटाच्या वेळी एका सेकंदाला सुमारे १६ फोटो काढत. ती पट्टी दिव्यासमोरून तेवढ्याच वेगाने सरकवली की आपल्या डोळ्यांना फोटो वेगळे दिसत नाहीत. माणूस हलतो आहे असेच वाटते. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवावा लागे. आणि उजेड सूर्याचा. ढग आले की काम बंद.

मग बोलणे कसे समजायचे? मधूनमधून पडद्यावर अक्षरे येत. 'राजा दरबारात आला', 'राणी रडू लागली' असे काहीतरी लिहिलेले असे. ज्याला वाचता येई तो वाचे. ज्याला येत नसे तो शेजाऱ्याला विचारी, "काय लिवलंय रं?" एखादा शिकलेला माणूस मोठ्याने वाचून दाखवी आणि मग सगळे थेटर "हां, हां" म्हणे. सिनेमातसुद्धा अक्षर नसलेला माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राही. तुम्ही आज ही ओळ स्वतः वाचता आहात. त्या काळी तुम्ही थेटरात असता तर लोकांनी तुम्हांलाच विचारले असते.

२. फाळके यांना तारामती मिळेना

आपल्या देशात मोठा कथापट काढला तो धुंडिराज गोविंद फाळके यांनी. लोक त्यांना दादासाहेब फाळके म्हणतात. त्यांचा जन्म नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा, १८७० सालचा. मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी सिनेमा पाहिला. त्यांच्या मनात आले, आपल्या देवांच्या गोष्टी अशा पडद्यावर का दिसू नयेत? त्यांनी विम्याच्या कागदावर कर्ज काढले, विलायतेला जाऊन यंत्र आणले आणि मुंबईत दादरला काम मांडले.

त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. त्या दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करत आणि रात्री फिल्मच्या पट्टीला भोके पाडत. ही भोके नसली तर पट्टी यंत्रात सरकत नाही. पडद्यावर त्यांचा चेहरा दिसला नाही, पण त्यांच्या हाताशिवाय तो सिनेमा झाला नसता.

पहिला सिनेमा ठरला 'राजा हरिश्चंद्र'. राजा मिळाला. राजपुत्र रोहिदासाचे काम फाळके यांच्या मुलाने, भालचंद्रने केले. पण राणी तारामती कोण होणार? एकही बाई पुढे येईना. फाळके यांनी पुष्कळ शोध केला. घरंदाज बायकांनी ऐकून घ्यायचीही तयारी दाखवली नाही. शेवटी फाळके नाचगाणे करणाऱ्या बायकांच्या वस्तीत गेले. त्यांनीही नाही म्हटले.

असे का व्हावे? तेव्हा लोकांचा समज असा होता की जी बाई लोकांपुढे उभी राहते, ती वाया गेलेली. नाटकातही तीच रीत. बायकांची कामे पुरुषच करत. बालगंधर्व म्हणजे नारायणराव राजहंस हे स्त्रीवेशात इतके शोभत की बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसत. तमाशातही आधी मुलगाच नाच्या होत असे. म्हणजे लोकांना स्त्रीचे सोंग आवडे, पण खरी स्त्री समोर उभी राहिलेली खपत नसे.

शेवटी एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके नावाचा नाजूक बांध्याचा तरुण फाळके यांना दिसला. त्याला जास्त पगार देऊन त्यांनी तारामती केले. बाकीच्या पुरुषांना लुगडी नेसवली. पण मिशा काढायला कोणी तयार होईना. बाप जिवंत असता मिशी काढायची नाही, अशी तेव्हाची समजूत. फार विनवण्या कराव्या लागल्या. सिनेमात काम करतो म्हटले की लोक पोरगीही देत नसत. म्हणून फाळके यांनी आपल्या माणसांना सांगितले की कोणी विचारले तर 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात काम करतो' असे सांगा.

३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थेटरात हा सिनेमा लोकांसमोर आला. लोकांनी गर्दी केली. तारामतीला पाहून लोक हळहळले, पण ती तारामती साळुंके होते.

३. दुर्गाबाई

'हरिश्चंद्र' झाल्यावर फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. मुंबईहून नाशिकला जाणारी आगगाडी आपल्याच गावांवरून जाते. ठाणे, कल्याण, कसारा, मग घाट आणि पुढे नाशिक. तिथे त्यांनी दुसरा सिनेमा घेतला, 'मोहिनी भस्मासुर'. या वेळी दोन बायका काम करायला तयार झाल्या. एक आई आणि एक लेक.

आईचे नाव दुर्गाबाई कामत. दुर्गाबाईंचे लग्न शिकलेल्या माणसाशी झाले होते, पण संसार टिकला नाही. पदरात लहान मुलगी घेऊन त्या वेगळ्या राहू लागल्या. ही गोष्ट १९०३ सालच्या सुमाराची. त्या काळी एकट्या बाईने पोट भरायचे कसे? शिकलेल्या बाईलाही नोकरी मिळत नसे. चार घरची धुणीभांडी करायची, कोणाचे दळण-कांडण करायचे, नाहीतर नको त्या वाटेला जायचे. दुर्गाबाईंनी वेगळीच वाट धरली. त्या नाटक कंपनीत गेल्या आणि रंगभूमीवर काम करू लागल्या.

हे काम कष्टाचे होते, चोरीचे नव्हते. पण त्यांच्या जातीच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखे केले. ज्यांनी त्यांना एक वेळचे जेवण दिले नाही, त्यांनीच त्यांच्या कमाईला नावे ठेवली! आपल्यात म्हण आहे, मारणाऱ्याचा हात धरवतो, पण बोलणाऱ्याचे तोंड धरवत नाही. दुर्गाबाईंनी ते तोंड धरायचा प्रयत्न केला नाही. त्या गावोगाव फिरत राहिल्या आणि लेकीला वाढवत राहिल्या.

४. कमला मोहिनी झाली

त्या लेकीचे नाव कमला. जन्म १९०० सालचा. नाटक कंपनीतच ती वाढली. अगदी लहानपणीच ती रंगभूमीवर उभी राहिली. इतर मुली भातुकली खेळत, त्या वयात कमला रात्री उशिरापर्यंत जागून काम करी.

भस्मासुराची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. शंकराने त्याला वर दिला. ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील तो भस्म होईल! मग हा दैत्य शंकराच्याच मागे लागला. तेव्हा विष्णूने मोहिनीचे रूप घेतले. मोहिनी नाचू लागली. तिच्यासारखे नाचता नाचता भस्मासुराने आपलाच हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि जळून गेला.

या सिनेमात दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि तेरा वर्षांची कमला मोहिनी झाली. साल १९१३. आपल्या देशाच्या कथापटात काम करणाऱ्या पहिल्या स्त्रिया या दोघी मायलेकी. पुढे रघुनाथराव गोखले यांच्याशी लग्न झाल्यावर कमलाचे नाव कमलाबाई गोखले झाले. आज जग तिला त्याच नावाने ओळखते.

नाटकात शब्द असतात, गाणे असते. मूकपटात यातले काही नाही. राग, भीती, हसू, सगळे डोळ्यांनी आणि हातांनी दाखवायचे. तेही उन्हात उभे राहून. समोर टाळ्या वाजवणारे लोक नाहीत, फक्त फिरणारे यंत्र. तेरा वर्षांच्या मुलीने हे काम केले, ही लहान गोष्ट नाही.

५. वाट एका दिवसात होत नाही

तुम्हांला वाटेल, दोघी पुढे आल्या म्हणजे मग सगळ्या बायका आल्या असतील. तसे झाले नाही. १९१७ साली फाळके यांनी 'लंकादहन' काढला. त्यात सीता कोण? पुन्हा अण्णा साळुंके. आणि राम कोण? तेही साळुंकेच! एकच माणूस राम आणि सीता दोन्ही झाला. म्हणजे चार वर्षांनीही तीच अडचण.

पण वाट हळूहळू मोडत गेली. १९१९ साली फाळके यांनी 'कालिया मर्दन' काढला. त्यात बाळकृष्ण झाली ती त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी. १९२० साली कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांच्या 'सैरंध्री' या सिनेमात बायकांची कामे बायकांनीच केली. याच बाबुरावांनी १९२४ साली आपल्या कल्याणच्या नावाचाही मूकपट काढला. त्याचे नाव 'कल्याण खजिना'. गोष्ट शिवाजी महाराजांच्या काळातली.

१९३१ साली सिनेमा बोलू लागला. १९३२ साली मराठी बोलपट आला, 'अयोध्येचा राजा'. गोष्ट तीच, हरिश्चंद्राची. या वेळी तारामती झाल्या दुर्गा खोटे. त्या मोठ्या घरच्या, कॉलेजात शिकलेल्या. त्यांनाही लोकांची बोलणी ऐकावी लागली, पण त्या मागे हटल्या नाहीत. १९१३ ची तारामती पुरुष होता, १९३२ ची तारामती बाई होती. एवढ्या बदलाला १९ वर्षे लागली.

पुढे सरकारने फाळके यांच्या नावाने सिनेमातला सर्वांत मोठा पुरस्कार सुरू केला. १९६९ सालचा पहिला पुरस्कार कोणाला मिळाला? देविकाराणी या नटीला. ज्या फाळके यांना पहिल्या सिनेमासाठी एक बाई मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा पहिला मान एका बाईला मिळाला. १९८३ साली तोच मान दुर्गा खोटे यांना मिळाला.

६. कमलाबाईंचे पुढे काय झाले?

कमलाबाईंचे पती रघुनाथराव हे स्वतः नट होते. आवाज फुटण्याआधी त्यांनीही स्त्रियांची कामे केली होती. दोघांचा संसार नाटकाच्या बिऱ्हाडातच चालला. पण रघुनाथराव लवकर वारले. कमलाबाई तेव्हा पंचविशीच्या आसपास होत्या. दोन मुले पदरात आणि तिसरे पोटात.

आईवर जी वेळ आली होती, तीच लेकीवर आली. कमलाबाई रडत बसल्या नाहीत. मुलांना बरोबर घेऊन त्या कंपन्यांमधून फिरल्या. बायकांच्या नाटकमंडळ्यांत त्यांनी पुरुषांचीही कामे केली. बघा कसे उलटे झाले! आधी बाप्ये लुगडे नेसत. आता बाईने पुरुषाचा वेश घेतला आणि त्यावर तीन मुलगे वाढवले.

त्यांचे थोरले चिरंजीव चंद्रकांत गोखले मोठे नट झाले. लालजी आणि सूर्यकांत हे दोघे तबला वाजवण्यात नाव मिळवून गेले. चंद्रकांत गोखले यांचे चिरंजीव म्हणजे विक्रम गोखले. त्यांना तुम्ही सिनेमात आणि टीव्हीवर पाहिले असेल. ते २०२२ साली वारले. नातवाची कीर्ती घराघरांत पोचली, पण ते घर उभे राहिले आजीच्या आणि पणजीच्या कष्टावर.

कमलाबाईंनी पुढे बोलपटांतही कामे केली. १९८० साली 'गहराई' या हिंदी सिनेमात त्या दिसल्या. तेव्हा त्यांचे वय ८० होते. त्या थकल्यावर रीना मोहन नावाच्या बाईंनी त्यांच्यावर 'कमलाबाई' हा माहितीपट काढला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कमलाबाईंनी नव्वदी पार केली.

'मोहिनी भस्मासुर' आज आपल्याला पाहायला मिळत नाही. त्या काळची फिल्मची पट्टी लवकर पेट घेई, उन्हाने आणि दमटपणाने सडे. कित्येक मूकपट असेच गेले. त्या दोघींचे नाव राहिले ते कोणी सांगितले म्हणून आणि कोणी लिहून ठेवले म्हणून.

७. आमची एक चूक

आता आमची एक गोष्ट सांगतो. सांगताना बरे वाटत नाही, पण सांगितली पाहिजे.

आम्ही हेडमास्तर झालो त्या पहिल्याच वर्षी शाळेच्या गॅदरिंगला जिजाबाईंचा प्रवेश बसवला. सातवीतली एक मुलगी जिजाबाई होणार होती. आवाज खणखणीत. लांबलचक भाषण तिने चार दिवसांत पाठ केले. कार्यक्रमाला दोन दिवस उरले आणि तिचे वडील शाळेत आले. म्हणाले, "गुरुजी, पोरीला स्टेजवर नाचवायची नाय आपल्याला. लोक काय बोलतील?"

आम्ही त्यांना समजावू शकलो असतो. जिजाबाई कोण होत्या, हे त्यांना सांगू शकलो असतो. त्यांच्या घरी जाऊन मुलीच्या आईशी बोलता आले असते. आम्ही यातले काही केले नाही. गावाशी वाकडे नको म्हणून मान हलवली. एका मुलाला लुगडे नेसवून उभे केले. लोक हसले, टाळ्याही पडल्या. ती मुलगी मागच्या रांगेत बसली होती. मुलगा मध्येच अडखळला, तेव्हा पुढचे वाक्य तिचे ओठ म्हणत होते. ते आम्ही पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली.

त्या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. मागे एकदा कल्याणच्या बाजारात ती भेटली. डोक्यावर भाजीची पाटी, बरोबर मोठी झालेली लेक. पाया पडली आणि हसून म्हणाली, "गुरुजी, माझं भाषण अजून पाठ हाय." तिने रागाने म्हटले नाही. पण आम्हांला त्या रात्री झोप आली नाही.

फाळके यांना १९१३ साली बाई मिळाली नाही, म्हणून त्यांनी पुरुषाला लुगडे नेसवले. आम्हांला तर मिळाली होती. तयार होऊन समोर उभी होती. तरी आम्ही तिला मागे बसवले. फाळके यांची अडचण होती, आमचा भित्रेपणा होता.

८. आपण काय करायचे?

आज ठाण्याच्या गडकरी रंगायतनात, कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात, डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात मुली उभ्या राहून काम करतात. त्यांचे आईबाप पहिल्या रांगेत बसतात. हे चांगले झाले. पण 'लोक काय बोलतील' हे वाक्य अजून गेलेले नाही. कोणाची सून ग्रामसभेत बोलायला उठली, कोणाची मुलगी रिक्षा चालवू लागली, कोणी पन्नाशीतली बाई पाटी घेऊन आपल्या रात्रीच्या वर्गात आली, की ते वाक्य येतेच.

सगळ्यांनी सिनेमात जावे असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की प्रामाणिक कामाला नावे ठेवू नयेत. आणि घरात कोणी पहिले पाऊल टाकत असेल, तर निदान वाटेत आडवे पडू नये. दुर्गाबाईंच्या मागे कोणी उभे नव्हते. आपल्या लेकी-सुनांच्या मागे आपण उभे राहू शकतो.

वर्गात नव्याने आलेल्या बाया वाचताना आवाज बारीक करतात. शेजारचे हसतील म्हणून भितात. त्यांनी हा पाठ मोठ्याने वाचावा. अडखळले तरी चालेल. बाकीच्यांनी हसायचे नाही, शेवटपर्यंत ऐकायचे.

कठीण शब्द

मूकपट – आवाज नसलेला सिनेमा
बोलपट – आवाज असलेला सिनेमा
कथापट – गोष्ट सांगणारा सिनेमा
माहितीपट – खऱ्या माणसाची किंवा खऱ्या गोष्टीची माहिती देणारा सिनेमा
रंगभूमी – नाटक जिथे होते ती जागा, नाटकाचे क्षेत्र
भूमिका – नाटकात किंवा सिनेमात केलेले सोंग, काम
वाळीत टाकणे – जातीतून किंवा गावातून बाहेर ठेवणे
चिरंजीव – मुलगा

प्रश्न

१. मूकपटात बोलणे लोकांना कसे समजत असे?
२. 'राजा हरिश्चंद्र' मध्ये तारामतीचे काम कोणी केले? का?
३. 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई आणि कमलाबाई कोण झाल्या?
४. दुर्गाबाईंवर आणि कमलाबाईंवर कोणती सारखीच वेळ आली?
५. गुरुजींची चूक कोणती? त्या वेळी त्यांनी काय करायला हवे होते? आपसांत बोला.

लिहा

तुमच्या घरात किंवा गावात एखादे काम पहिल्यांदा करणारी बाई कोण? तिचे नाव लिहा. तिने काय केले ते दोन ओळींत लिहा. मग ते तिला वाचून दाखवा.